खाडीच्या गाळाची साक्ष

पहिला मोठा पूर ओसरला की नदी धुऊन निघाली, असं काठावरची माणसं म्हणतात, आणि डोळ्यांना दिसतंही तसंच. मे महिन्यात काळं, फेसाळलेलं, नाकाला रुमाल लावायला लावणारं पाणी जुलैत मातकट पण वाहतं होतं आणि सप्टेंबरअखेर निवळतं. त्या दिवसांत भरलेल्या बाटलीचा तपासणी अहवालही दिलासा देणारा असतो. विरघळलेला प्राणवायू वाढलेला, सांडपाण्याचा भार उतरलेला, पारा-शिशासारखे धातू तर यंत्राला जेमतेम सापडतील इतके कमी. मात्र नदी जिथे समुद्राला मिळते त्या खाडीत ही सुधारणा पोचलेली दिसत नाही. उल्हास नदीचंच घ्या. कर्जत, नेरळ, बदलापूर, उल्हासनगर, कल्याण अशी वाट धरत ती खाडीला लागते आणि वसईजवळ अरबी समुद्राला मिळते. या खाडीपट्ट्यातल्या कोळ्यांची तक्रार फार जुनी आहे: कालवं, निवट्या, चिंबोऱ्या, जिताडा, काहीच पूर्वीसारखं मिळत नाही. पावसाळा दरवर्षी नदी धुऊन काढत असेल, तर खाडी दरवर्षी थोडी तरी सावरायला हवी होती. ती का सावरत नाही?

कारण पुरानं घाण नष्ट केलेली नसते, फक्त हलवलेली असते. नदीत सोडलेल्या विषारी धातूंचा आणि चिवट रसायनांचा मोठा हिस्सा पाण्यासोबत न जाता मातीच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतो, पुरात उचलला जातो आणि खाडीत पुन्हा बसतो. पाणी समुद्रात जातं, गाळ बराचसा वाटेतच राहतो. म्हणून नदी किती बिघडली आहे हे ठरवायला नुसती बाटली भरून भागणार नाही, तळाचा गाळ तपासायलाच हवा. पण ही साक्ष नीट काढली नाही तर तीही फसवते, आणि सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांत ती एका खास कारणानं फसवते. त्या कारणापर्यंत पोचायचं तर गाळ हे सगळं धरून कसा ठेवतो, ते आधी पाहायला हवं.

बाटलीत न सापडणारं प्रदूषण

पाण्याचा नमुना त्या क्षणापुरता खरा असतो. प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर इतका संथ असला, तरी दिवसभरात पाणी चाळीस किलोमीटरांच्या पुढे गेलेलं असतं. महिन्यातून एकदा ठरलेल्या घाटावर बाटली भरली, तर वर्षातले बारा क्षण आपल्या हाती लागतात. एखाद्या रात्री कुणी रासायनिक सांडपाण्याचा टँकर नाल्यात रिता केला, तर ते पाणी नमुन्याच्या दिवसापर्यंत तिथे थांबत नाही. ज्याला नजर चुकवायची आहे त्याला रविवार, रात्र आणि मुसळधार पाऊस हे तीन सोबती कायमचे मिळालेले आहेत. दुसरी अडचण मात्रेची. पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅम आहे. इतकं सूक्ष्म मोजायचं तर बाटलीला किंवा हाताला चिकटून आलेला कणही निकाल बिघडवू शकतो. त्याच जागच्या गाळात तोच धातू पाण्याच्या हजारो, कधी लाखो पट साठलेला असतो. मोजणं सोपं जातं आणि चुकीला वाव कमी राहतो.

याचा अर्थ पाण्याची तपासणी निरुपयोगी आहे असा नाही. जंतू, अमोनिया, नायट्रेट, प्राणवायूची आजची टंचाई यांबद्दल गाळ फारसं काही सांगू शकत नाही, कारण यांतलं काही तळाशी टिकून राहत नाही तर काही तळाशी पोचतच नाही. उद्या नळाला येणारं पाणी पिण्याजोगं आहे का, हा प्रश्न पाण्यालाच विचारावा लागतो. गेल्या पन्नास वर्षांत या नदीत काय काय सोडलं गेलं, या प्रश्नाचं उत्तर मात्र पाण्याकडे नसतं.

धातू मातीच्या कणांना का धरून राहतात

पाण्यात विरघळलेला धातू बहुधा धन विद्युतभार घेऊन फिरत असतो. चिकणमातीच्या कणांच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. दोघांची ओढ इथूनच सुरू होते. त्यात भर पडते ती लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडांची. कणांवर यांचा गंजासारखा पातळ थर असतो आणि तो शिसं, जस्त, आर्सेनिक यांना घट्ट धरतो. तिसरा धरणारा म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून आणि सांडपाण्यातून आलेला सेंद्रिय पदार्थ. तांबं आणि पारा त्याला विशेष चिकटतात, आणि पाण्यात न मिसळणारी कीटकनाशकं, तेलकट रसायनं यांनाही तोच आसरा देतो.

पण सगळ्यात महत्त्वाचं आहे ते कणाचं आकारमान. एक सेंटिमीटर बाजूचा दगडी ठोकळा घेतला तर त्याचं पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर भरतं. तोच ठोकळा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या तुकड्यांत चिरला, तर एकूण पृष्ठफळ सहा चौरस मीटर होतं, म्हणजे दहा हजार पट. दगड तेवढाच, धातूला चिकटायला जागा मात्र दहा हजार पट. म्हणूनच वाळू बहुतेक वेळा निर्दोष निघते आणि चिखलात विष सापडतं. आपल्याकडच्या मातीत हे आणखी तीव्रतेनं घडतं. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटाची खनिजं भरपूर असतात. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात वीतभर भेगा पडणारी जमीन ती हीच. हे खनिज पापुद्र्यांचं बनलेलं असतं आणि पापुद्र्यांच्या आतल्या बाजूही मोजल्या तर एका ग्रॅममागे पृष्ठफळ कित्येकशे चौरस मीटर भरतं. कपाशीला ओलावा आणि अन्नद्रव्यं धरून ठेवणारा जो गुण शेतकऱ्याला मोलाचा वाटतो, तोच गुण नदीच्या तळाशी कॅडमियम आणि शिसंही धरून ठेवतो.

खाडीच्या तोंडाशी

एवढे बारीक कण वाहत्या गोड्या पाण्यात सहसा बसत नाहीत. सगळ्यांवर सारखाच ऋण भार असल्यानं ते एकमेकांना दूर लोटतात आणि दिवसचे दिवस तरंगत राहतात. गढूळ पाण्याच्या घागरीत तुरटी फिरवली की हे दूर लोटणं मोडतं, कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि तासाभरात तळाशी बसतात. खाडीत तुरटीचं काम समुद्राचं मीठ करतं. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात. कण गोळा व्हायला त्यांतले दोन-चार भागही पुरतात. म्हणजे भरतीचं पाणी जिथवर पोचतं त्या वरच्या टोकापाशीच नदीनं आणलेला बारीक गाळ आणि त्याला चिकटलेले धातू खाली उतरू लागतात.

खाली उतरलेला गाळ ओहोटीबरोबर समुद्रात निघून जात नाही का? थोडा जातो. पण खारं पाणी जड असतं. वरून गोडं पाणी समुद्राकडे सरकत असताना तळाशी खारं पाणी आतल्या बाजूला शिरत असतं आणि तळाजवळचा गाळ पुन्हा आत ढकलतं. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती चार मीटरांच्या पुढे जाते. इतक्या जोराच्या पाण्यानं गाळ उचलला जातो, पण भरती पूर्ण झाल्यावर पाणी क्षणभर स्थिरावतं तेव्हा तो काठच्या खाजणांत आणि तिवरांच्या मुळांमध्ये बसतो. तिथे प्रवाह इतका मंदावलेला असतो की ओहोटी त्याला पुरता उचलू शकत नाही. तिवरांचं जंगल किनाऱ्याची धूप थांबवतं हे आपण ऐकत आलो आहोत. नदीनं आणलेला औद्योगिक गाळ अडवून ठेवण्याचं कामही तेच करतं आणि त्याचा भुर्दंड तिथल्या चिंबोऱ्या, कालवं आणि तळचा चिखल खाणारी बोय मासळी भरते. सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर इथे मिळतं. पुरानं नदी जेवढी धुतली, तेवढा माल खाडीच्या वाट्याला आला.

थरांचं वय

खाडीच्या शांत कोपऱ्यांत गाळ वर्षानुवर्षं थरावर थर असा बसत जातो. जुना खाली, नवा वर. तिथे नळी खुपसून उभा नमुना काढला तर काळाच्या क्रमानं रचलेला पुरावा हाती येतो. मात्र अमुक थर कोणत्या सालचा, हे सांगणारं काहीतरी हवं. ते दोन मार्गांनी मिळतं. खडकांतल्या युरेनियमपासून रेडॉन नावाचा वायू तयार होतो, तो हवेत जातो आणि त्याच्यापासून पुढे शिसे-२१० हे किरणोत्सारी शिसं बनतं. पावसाबरोबर ते खाली येतं आणि गाळाला चिकटतं. दर २२ वर्षांनी त्याचं प्रमाण निम्मं होतं. वरच्या थराच्या तुलनेत एखाद्या थरात ते चौथ्या हिश्शावर आलं असेल, तर तो थर साधारण ४४ वर्षांपूर्वीचा. शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंत ही पद्धत चालते, म्हणजे आपल्या औद्योगिकीकरणाचा जवळजवळ सगळा काळ तिच्या टप्प्यात येतो.

दुसरी खूण माणसानंच ठेवली. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी हवेत केलेल्या अणुस्फोटांमुळे सीझियम-१३७ जगभर पसरलं, १९६३ च्या सुमारास त्याचा वर्षाव शिगेला पोचला आणि त्याच वर्षी झालेल्या अणुचाचणी-बंदी करारानंतर उतरला. उभ्या नमुन्यात सीझियमचा उंचवटा दिसला की १९६३ सापडलं. शिसे-२१० चं गणित त्याच्याशी जुळलं तर वयावर विश्वास ठेवता येतो. मग पुढची पडताळणीही शक्य होते. भारतात फेब्रुवारी २००० पासून शिसं मिसळलेलं पेट्रोल बंद झालं. शहराजवळच्या खाडीत त्यानंतरच्या थरांत साधं शिसं उतरलेलं दिसलं, तर धोरणाचा परिणाम गाळात उमटला. उतरलेलं दिसलं नाही, तर शिशाचा दुसरा एखादा चालू स्रोत शोधायला हवा.

> चौकट: उभा नमुना कसा घेतात
>
> ओहोटीला उघड्या पडणाऱ्या किंवा उथळ जागी स्वच्छ प्लॅस्टिकची नळी सरळ खाली दाबतात, वरचं तोंड बंद करतात आणि हवेच्या दाबानं आतला गाळ न सांडता नळी बाहेर काढतात. जागेवरच किंवा गोठवून नंतर त्याच्या एक-दोन सेंटिमीटरच्या चकत्या कापतात. कडेचा गाळ नळीशी घासून वरखाली झालेला असतो, म्हणून तो टाकून मधला घेतात. धातूचं हत्यार वापरत नाहीत. प्रत्येक चकती वाळवून ६३ मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या जवळजवळ सोळाव्या हिश्शाएवढ्या छिद्रांच्या चाळणीतून चाळतात, त्यामुळे वाळू बाजूला पडते. उरलेला बारीक गाळ तीव्र आम्लांत विरघळवून धातू मोजतात. पाऱ्यासाठी नमुना जास्त तापवत नाहीत, कारण पारा उडून जातो. निकाल टनामागे ग्रॅममध्ये देतात.

इथे एक रास्त शंका निघते. चिखलात किडे बिळं करतात, चिंबोऱ्या उकरतात, सक्शन पंपांनी रेतीउपसा चालतो. मग थर जागच्या जागी राहतात का? अनेक ठिकाणी राहत नाहीत. मुंब्रा-रेतीबंदरसारख्या उपशाच्या पट्ट्यात काढलेल्या उभ्या नमुन्यावरून सालं ठरवणं धोक्याचं आहे. पण अशी ढवळाढवळ लपून राहत नाही. शिसे-२१० खोलीनुसार सावकाश कमी होत जाण्याऐवजी वरून खालपर्यंत सारखंच सापडलं, तर तो गाळ ढवळलेला आहे हे त्यावरूनच कळतं. असा नमुना वय सांगण्याच्या कामाचा नाही. त्यातला पारा मात्र खराच असतो. तो कधी आला ते कळत नाही, आला आहे हे कळतं.

‘जास्त’ म्हणजे कशापेक्षा जास्त?

आता त्या खास कारणाकडे. टनामागे शंभर ग्रॅम तांबं सापडलं, तर ते प्रदूषण म्हणायचं का? कारखाने नसते तरी इथे तांबं किती असतं, हे माहीत नसताना या प्रश्नाला उत्तर नाही. धातू मुळात खडकातूनच आलेले असतात, म्हणून प्रत्येक गाळात ते थोडेफार असणारच. जगभरच्या अभ्यासांत मूळ पातळी म्हणून बहुधा १९६१ मध्ये टुरेकियन आणि वेडेपोल यांनी दिलेली शेल खडकाची सरासरी वापरली जाते. त्यात तांबं टनामागे ४५ ग्रॅम, शिसं २०, पारा ०.४. दुसरा प्रचलित आधार म्हणजे अमेरिकी किनाऱ्यांच्या माहितीवरून १९९५ मध्ये मांडलेल्या मर्यादा. त्यांनुसार तांबं ३४ ग्रॅमपर्यंत असेल तर जलचरांना अपाय क्वचितच होतो आणि २७० च्या पुढे बहुधा होतोच. पाऱ्यासाठी हेच दोन आकडे ०.१५ आणि ०.७१ आहेत.

हे आकडे जसेच्या तसे उचलून आपल्या नद्यांना लावले की गोंधळ होतो. दख्खनचा बेसाल्ट तांब्यानं मुळातच श्रीमंत आहे. त्यात तांबं अनेकदा टनामागे शंभर ग्रॅमच्या वर असतं. म्हणजे सह्याद्रीच्या एखाद्या निर्मळ ओढ्याचा गाळ, जिथे वर एकही कारखाना नाही, तोही अमेरिकी मर्यादेच्या तिप्पट भरून ‘प्रदूषित’ ठरेल. क्रोमियम आणि निकेलचंही कमीअधिक असंच. उलट बाजू अधिक चिंतेची आहे. पश्चिम किनाऱ्याच्या निर्दोष गाळात पारा टनामागे ०.१ ग्रॅमच्या आसपास असतो. शेलची ०.४ ही सरासरी मूळ पातळी धरली, तर नैसर्गिक प्रमाणाच्या चौपट पारा आला तरी अहवालात ‘वाढ नाही’ असं लिहिलं जाईल. शिशाचंही तसंच, कारण बेसाल्टमध्ये शिसं अगदी थोडं असतं. चुकीची मूळ पातळी घेतली की निरपराध ओढा दोषी ठरतो आणि खरा गुन्हा सुटतो. माझ्या मते आपल्याकडच्या गाळ-अभ्यासांतला हा सर्वांत गंभीर दोष आहे, आणि उपाय महागडाही नाही. मूळ पातळी दूरच्या पुस्तकातून न घेता त्याच खाडीच्या उभ्या नमुन्याच्या तळातून, उद्योग येण्यापूर्वीच्या थरातून घ्यायची. तो थर मिळाला नाही तर त्याच खोऱ्यातल्या वरच्या, वस्ती नसलेल्या ओढ्यातून घ्यायची.

दुसरी फसगत कणांच्या मापाची. समजा एका ठिकाणी टनामागे १६० ग्रॅम जस्त सापडलं आणि दुसऱ्या ठिकाणी ८०. पहिलं ठिकाण वाईट वाटेल. पण पहिल्या ठिकाणी चिकणमाती भरपूर असेल आणि दुसरीकडे बहुतेक वाळू, तर तुलनाच चुकीची. म्हणून प्रत्येक नमुन्यात ॲल्युमिनियमही मोजतात. चिकणमातीत ते भरपूर असतं आणि कारखान्यांमुळे त्यात फारसा फरक पडत नाही, त्यामुळे बारीक माती किती आहे हे त्यावरून कळतं. पहिल्या ठिकाणी ॲल्युमिनियम आठ टक्के आणि दुसऱ्या ठिकाणी दोन टक्के असेल, तर टक्क्यामागे जस्त पहिल्या जागी २० ग्रॅम आणि दुसऱ्या जागी ४० ग्रॅम येतं. म्हणजे ज्या जागेचा आकडा निम्मा होता तीच जास्त बिघडलेली. हे गुणोत्तर मूळ पातळीच्या गुणोत्तरानं भागलं की नैसर्गिकपेक्षा किती पट वाढ झाली ते मिळतं. काही अभ्यासक ॲल्युमिनियमऐवजी लोह वापरतात. मांडवी आणि जुवारी या गोव्याच्या नद्यांत ते चालणार नाही. तिथे डिचोली, सत्तरी, सांगेकडच्या खाणींचं लोहखनिज अनेक दशकं बार्जांतून वाहून नेलं गेलं, चढवता-उतरवताना सांडलं आणि पावसानं ढिगाऱ्यांवरून वाहून आलं. लोह आणि मँगनीज तिथे स्वतःच आरोपी आहेत, त्यांना मोजपट्टी करता येत नाही.

अशी सगळी काळजी घेऊनही जे उरतं ते नाकारता येण्याजोगं नसतं. कल्याणजवळच्या मोहने-आंबिवली भागात गेल्या शतकात रेयॉन आणि कॉस्टिक सोड्याचं उत्पादन होत असे. कॉस्टिक सोड्याच्या जुन्या पद्धतीत मिठाच्या पाण्यातून वीज सोडताना एक ध्रुव म्हणून वाहता पारा वापरत आणि त्यातला थोडा पारा सांडपाण्यातून निसटत राही. उल्हासला मिळणाऱ्या काळू नदीतल्या पाऱ्याचा प्रश्न तेव्हापासूनचा. पुढे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी उल्हास खाडीच्या गाळाचे उभे नमुने काढले, तेव्हा त्यांत नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट पारा सापडला. नदीनं पाणी हजारदा बदललं होतं, गाळानं पारा सोडला नव्हता.

पुरलेलं विष पुरलेलंच राहतं का?

मग गाळानं विष धरून ठेवलं हे चांगलंच झालं, असं म्हणणारेही भेटतात. पाण्यातून गेलं, तळाशी बसलं, वरून नवा थर आला. आता ते कुणाला बाधणार? या म्हणण्यात तथ्याचा एक अंश आहे. गाळात धातू किती आहे यावरून अपाय किती होईल हे थेट ठरत नाही. १९७९ मध्ये टेसिए आणि सहकाऱ्यांनी गाळातला धातू टप्प्याटप्प्यानं सोडवून पाच भागांत विभागण्याची रीत घालून दिली. कणांवर नुसता सैल चिकटलेला, कार्बोनेटांत अडकलेला, लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांनी धरलेला, सेंद्रिय पदार्थात व सल्फाइडांत गुंतलेला आणि खनिजाच्या स्फटिकातच बसलेला. शेवटचा भाग हजारो वर्षं जागचा हलत नाही. पहिला भाग पाण्याचा आम्लपणा जरा वाढला तरी सुटतो. आपल्या तांब्याचं मोठं प्रमाण शेवटच्या भागात निघालं, तर ते खडकाचं आणि निरुपद्रवी. पहिल्या दोन भागांत निघालं, तर ते अलीकडे बाहेरून आलेलं आणि उपद्रवी. बेसाल्टचा पेच सोडवायलाही ही पद्धत कामी येते.

पण मधले भाग परिस्थितीनुसार पक्ष बदलतात. खाडीच्या चिखलात सेंद्रिय घाण कुजून प्राणवायू संपला की लोहाची ऑक्साइडं विरघळतात आणि त्यांनी धरलेलं आर्सेनिक, फॉस्फरस पाण्यात सुटतं. त्याच वेळी सल्फाइड तयार होतं. काळ्या चिखलाला येणारा सडक्या अंड्याचा वास त्याचाच. हे सल्फाइड कॅडमियम, शिसं, जस्त यांना बांधून ठेवतं. असा चिखल ड्रेजरनं उपसून काठावर टाकला की हवा लागते, सल्फाइडाचं आम्ल होतं आणि बांधलेले धातू मोकळे होतात. म्हणजे नदी साफ करण्याच्या नावाखाली केलेला उपसा दबलेलं प्रदूषण पुन्हा पाण्यात आणू शकतो.

पाऱ्याची गोष्ट तर याहून भयंकर आहे. प्राणवायू नसलेल्या चिखलात राहणारे काही जिवाणू साध्या पाऱ्याचं मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तो शरीरात शोषला जातो आणि सहजी बाहेर पडत नाही. किड्यांतून कोलंबीत, कोलंबीतून माशात, माशातून माणसात, प्रत्येक पायरीवर त्याचं प्रमाण वाढत जातं. जपानमधल्या मिनामाता उपसागरात एका रसायन कारखान्यानं पारायुक्त सांडपाणी सोडलं. १९५६ मध्ये तिथला मज्जासंस्थेचा आजार अधिकृतपणे नोंदवला गेला. कारखान्याच्या उत्पादनाची ती पद्धत १९६८ मध्ये बंद झाली, पण गाळ तसाच होता. टनामागे २५ ग्रॅमपेक्षा जास्त पारा असलेला गाळ उपसून आणि भराव टाकून झाकण्याचं काम १९७७ मध्ये सुरू झालं, ते १९९० पर्यंत चाललं आणि त्यातून ५८ हेक्टर जमीन तयार झाली. सांडपाण्याचा नळ बंद झाल्यावर बावीस वर्षं लागली ती गाळामुळे.

नदीला विचारण्याचा प्रश्न

गाळ तपासून दोषी सापडतो का, हा व्यवहारातला खरा आक्षेप. खाडीत पाणी दोन्ही बाजूंना हिंदकळतं, त्यामुळे कुठल्या नाल्याचं विष कुठे बसलं हे नुसत्या खाडीच्या गाळावरून सांगणं अवघड आहे. पण भरतीच्या वरच्या नदीत प्रवाह एकाच दिशेचा असतो. संगमाच्या वर आणि खाली, प्रत्येक नाल्याच्या मुखाशी, पायरीपायरीनं वर जात गाळ घेतला की आकडा अचानक कुठे उडी मारतो ते दिसतं. वालधुनीसारखी छोटी नदी अंबरनाथ-उल्हासनगरमधून येते. तिच्यात अशी मोजणी करायला पंधरा-वीस जागा पुरतील. वर्षभरात एकदाच नमुना घेतला तरी रात्रीच्या टँकरचा माल त्यात उतरलेला असेल. रॉटरडॅम बंदरानं हे करून दाखवलं आहे. ऱ्हाईन नदीचा गाळ उपसल्याशिवाय ते बंदर चालत नाही, आणि १९८० च्या दशकापर्यंत तो गाळ इतका दूषित झाला होता की समुद्रात टाकणंही अशक्य आणि शेतांवर पसरणंही. बंदरानं त्यासाठी स्वतंत्र साठवण बांधली, आणि त्याच वेळी नदीच्या वरच्या अंगाला कुठून काय येतं याचा माग काढून तिथल्या उद्योगांशी विसर्ग घटवण्याचे करार केले. गाळ उपसण्याचा खर्च ज्याच्या माथी बसत होता, त्यानंच तो घडवणाऱ्यांना शोधलं.

भारतात पाण्याच्या गुणवत्तेची नियमित तपासणी मोठ्या प्रमाणावर चालते, पण गाळासाठी देशभर बंधनकारक अशी मानकं नाहीत. ती करताना परदेशी आकडे नकलून चालणार नाही हे वर दिसलंच. बेसाल्टच्या खोऱ्यांसाठी एक मूळ पातळी लागेल, गोव्या-कोकणातल्या जांभ्याच्या खोऱ्यांसाठी दुसरी, गंगेच्या गाळासाठी तिसरी. हे काम एकदाच करायचं आहे, दरवर्षी नाही.

तोवर निदान एक गोष्ट लगेच करता येईल. महाराष्ट्रात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांतला गाळ शेतांवर पसरला जातो. वरच्या अंगाला फक्त शेती आणि डोंगर असतील तर त्या गाळाइतकी चांगली भर जमिनीला दुसरी नाही. पण औद्योगिक वसाहतीच्या किंवा मोठ्या शहराच्या खालच्या बंधाऱ्यातला, नदीपात्रातला आणि खाडीतला गाळ उपसण्याआधी त्यातलं शिसं, कॅडमियम, क्रोमियम आणि पारा मोजलाच पाहिजे, तोही पूर ओसरून नवा थर बसल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. निकाल हाती येईपर्यंत ट्रॅक्टर थांबवता येतो. शेतात एकदा मिसळलेला कॅडमियम नंतर मातीतून वेगळा काढता येत नाही.